त्यांच्या सहीखालच्या कविता

पकोक्कू, गुरुवार

आदरणीय गुरुवर्य साया ऊ च्यॉ न्युंट यांस,

माझे पती को बा श्वे तीन वर्षांपूर्वी तापाने गेले. तुम्हा दोघांचा कवितांचा पत्रव्यवहार चालूच होता; आठवड्याने मोलमीनहून तुमचं पत्र आलं. नव्या कवितेखाली तुम्ही लिहिलं होतं, "उत्तर कवितेतच द्या." मी त्यांच्या मरणाची बातमी कळवायला बसले आणि कविता लिहून उठले. अक्षर आधीपासून माझंच असायचं. ते सांगत, मी उतरवायची. या वेळी त्यांची सहीही मीच केली.

त्यानंतरची प्रत्येक कविता माझी आहे.

नणंद टोमणे मारते, "वहिनी, नव्या नवरीसारखी टपालवाल्याची वाट बघतेस गं!" मी हसण्यावारी नेते.

गेल्या महिन्यात तुम्ही लिहिलंत, "तुमच्या जुन्या कविता बऱ्या होत्या. या तीन वर्षांतल्या मला पाठ आहेत." मी नाचायचंच बाकी राहिलं होतं. मग त्यांच्या फोटोकडे बघवेना. त्याच पत्रात तुम्ही भेटायला येत असल्याचं कळवलंत. तेव्हापासून चार पत्रं लिहून फाडली.

हे पाचवंही आता पाठवायचं राहिलं. बाहेरून नणंद ओरडतेय, "वहिनी, मोलमीनचे पाहुणे आलेत! दादा कुठेय विचारतायत, काय सांगू?"

कवितांबद्दल तुम्ही विचारलंत तरच बोलायचं, असं सकाळी ठरवलं होतं. नाही, साया. आधी ते गेल्याचं सांगेन, तुम्हाला रडू देईन, आणि मग तुम्ही न विचारताही सांगेन.

आलेच बाहेर.

तुमची,
मा तिन एइ