टायरमधला थांबा

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
प्रभाग क्रमांक सात,
नगर कार्यालय, पहिला मजला.

अर्जदार : निमंत्रक, पादचारी व बसप्रवासी मंडळ, प्रभाग सात.

विषय : जप्त केलेला बसथांब्याचा खांब परत मिळण्याबाबत, तसेच आमच्या मंडळाने एका उमेदवारास दिलेला पाठिंबा मागे घेतल्याची नोंद होण्याबाबत.

संदर्भ : १) आमचा चालू महिन्याच्या २ तारखेचा तक्रार अर्ज.
२) त्यावरून आपल्या पथकाने ४ तारखेस केलेली जप्ती.

महोदय,

१. संदर्भ एकमधील अर्जात मी थांब्याचा खांब वारंवार हलवला जात असल्याची तक्रार केली होती. त्यावर आपल्या पथकाने खांबच उचलून नेला. आता हलवण्याजोगे काही उरले नसल्याने तक्रारीचे निवारण झाले, असे कागदोपत्री म्हणता येईल. प्रत्यक्षात माझ्या थोरल्या बहिणीस आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस केंद्रावर जावे लागते आणि त्या रस्त्यावर बस कोठे थांबेल हे आज कोणीही सांगू शकत नाही. दर वेळी टॅक्सी परवडत नाही. माझे दोन्ही गुडघे बदललेले असल्यामुळे मी ताईला आधार देऊ लागलो की आम्हा दोघांना तिसरा माणूस लागतो. म्हणून हा दुसरा अर्ज.

२. आमच्या मंडळात मी, एक निवृत्त कंडक्टर आणि एक परिचारिका असे तिघे आहोत. मी आयुष्यभर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र शिकवले. दर निवडणुकीत आम्ही उमेदवारांना प्रश्नावली पाठवत असू. रुंद पदपथ हवेत का, बस वेळेवर हवी का, रस्ता ओलांडणे सुरक्षित हवे का, या प्रश्नांना आजवर एकाही उमेदवाराने नाही म्हटलेले नाही. ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात, तो प्रश्न काहीही मोजत नाही. यास्तव यंदा प्रश्नावली बाद करून आम्ही चाचणी ठरवली. प्रत्येक उमेदवारास एक आठवडा द्यायचा. त्या मुदतीत त्याने वाटेवर सुधारता येईल ते सुधारायचे. नंतर ताईबरोबर बसने येऊन तिला थांब्यापासून केंद्राच्या दारापर्यंत चालवत न्यायचे. गुण ताईने द्यायचे. सर्वाधिक गुण मिळतील त्यास मंडळाचा जाहीर पाठिंबा.

३. चाचणी आखताना आरंभबिंदू स्थिर आहे असे मी गृहीत धरले. वस्तुस्थिती वेगळी आहे. सदर थांबा 'तात्पुरता' असून बरीच वर्षे तात्पुरता आहे. ट्रकच्या जुन्या टायरमध्ये सिमेंट ओतून त्यात लोखंडी खांब उभा केलेला आहे. दोन माणसांनी तो तिरका केला की गडगडवत हवा तिकडे नेता येतो. चालकांना आदेश एवढाच आहे की खांब दिसेल तेथे थांबावे. खांबाची मूळ जागा केंद्राच्या समोर, परंतु रुंद रस्त्याच्या पलीकडे आहे.

४. पहिली फेरी दातांच्या डॉक्टरांची. त्या दिवशी बस थेट केंद्राच्या फाटकाशी थांबली. ताई उतरली आणि आत गेली. डॉक्टर म्हणाले, "बघा मावशी, मी नुसतं बोलत नाही, करून दाखवतो." ताई म्हणाली, "दात न काढता काम झालं, याचंच मला नवल." तिने पूर्ण गुण दिले. थांबा फाटकाशी यावा ही आमची जुनीच मागणी असल्याने मंडळात आनंद पसरला. मला त्या वेळी शंका आली नाही, ही बाब आता मलाच संशयास्पद वाटते.

५. दुसरी फेरी टायरच्या दुकानाचे मालक असलेल्या उमेदवारांची. त्या दिवशी थांबा त्यांच्या दुकानासमोर होता. त्यांनी ताईला खुर्चीत बसवले, सरबत दिले आणि स्वतःच्या मोटारीतून केंद्रावर सोडले. हे चालणे नव्हे, अशी हरकत कंडक्टरांनी घेतली. त्यावर मालक म्हणाले, "अहो, टायर आमच्या दुकानातला. तो कुठे उभा राहायचा हे मी नाही ठरवायचं, तर काय तुम्ही?" ताईने निम्मे गुण दिले. सरबत गोड होते, असे तिने स्वतंत्रपणे नमूद केले.

६. तिसरी फेरी शिकवणीच्या बाईंची. त्यांच्या वेळी खांब पुन्हा रस्त्याच्या पलीकडे होता. तो कोणी नेला हे सिद्ध झालेले नाही. धुळीतली टायरच्या घसटीची खूण डॉक्टरांच्या प्रचार कार्यालयाच्या दारावरून जाते, परंतु घसटीवरून हात ओळखता येत नाही. बाई मिळालेला आठवडाभर बस कार्यालयात जात होत्या. थांबा तात्पुरता असल्यामुळे त्याची जागा कायमची बदलता येत नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. म्हणजे त्यांच्या हातून काहीही सुधारले नाही. ताईला घेऊन त्यांनी रस्ता ओलांडायला घेतला. निम्म्यातच हिरवा दिवा गेला आणि दोघी दुभाजकावर अडकल्या. ताईला धाप लागली. तिने सर्वांत कमी गुण दिले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते.

७. पाठिंबा डॉक्टरांना गेला. त्याच दिवशी दुपारी त्यांच्या फलकांवर आमच्या मंडळाचे नाव आले. पुढच्या डायलिसिसला ताई निघाली, तर थांबा पलीकडेच. मी डॉक्टरांच्या प्रचार कार्यालयात विचारणा केली. तेथील कार्यकर्ता म्हणाला, "सर, परीक्षा झाली ना? मग आता कशाला?" हे वाक्य मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांकडून ऐकले आहे, उमेदवाराच्या बाजूने प्रथमच ऐकले. मी आपणाकडे तक्रार केली. आपल्या पथकाने खांब मतदारांना दाखवलेले आमिष ठरवून ताब्यात घेतला. पंचनाम्यात त्याचे वर्णन 'लोखंडी प्रलोभन, टायरसह, नग एक' असे आहे.

८. खांब परत मागण्यास मी आपल्या कार्यालयात आलो असता संबंधित लिपिक म्हणाले, "खांब बस खात्याचा, टायर उमेदवाराचा, सिमेंट बेवारस. तिघांनी मिळून अर्ज आणला तर बघू." सिमेंटच्या वतीने कोण सही करील, या माझ्या प्रश्नाची नोंद घेतली गेली नाही. खांब सध्या आपल्या व्हरांड्यात पाण्याच्या टाकीशेजारी उभा आहे. मी गेलो तेव्हा त्याच्यालगत दोन गृहस्थ उभे होते. कशासाठी, असे विचारता त्यांतील एक म्हणाले, "माहीत नाही, रांग असावी." यावरून खांबाची उपयुक्तता स्वयंस्पष्ट आहे.

९. आता काही चालक जुन्या जागी थांबतात, काही फाटकाशी, काही थांबतच नाहीत. ताईचे म्हणणे तिच्याच शब्दांत देतो : "आधी थांबा चुकीच्या जागी होता. तुझ्या तक्रारीनं आता चुकीची जागासुद्धा राहिली नाही." एक बाब मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. चाचणीत नापास झालेल्या शिकवणीच्या बाई त्यानंतर प्रत्येक डायलिसिसच्या सकाळी येतात, बसला हात करतात, ताईला उतरवून घेतात आणि दोघी दुभाजकावर थांबत थांबत रस्ता ओलांडतात. मी त्यांना कारण विचारले. "पुनर्परीक्षेची तयारी करते, सर," असे त्या म्हणाल्या. मतदान होईपर्यंत हा प्रचारच समजला जाईल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. त्यावर ताई मला म्हणाली, "तुला कुणी पाण्याचा पेला दिला तरी तू आधी उजेडात धरून बघशील." मी बघेन, हे खरे आहे.

१०. सबब विनंती की,

(अ) खांब तात्काळ परत करावा व टायर काढून तो केंद्राच्या फाटकाशी जमिनीत पक्का बसवण्याबाबत बस खात्यास कळवावे. 'मूळ जागा' या रकान्यात फाटक लिहिल्यास काम लवकर होईल, असे आपल्या लिपिकांनी सुचवले. तसे मी लिहू शकत नाही. मूळ जागा पलीकडची आहे आणि ती चुकीची आहे. कृपया दोन्ही गोष्टी नोंदवाव्यात.

(आ) दातांच्या डॉक्टरांना दिलेला पाठिंबा मंडळाने मागे घेतला आहे. त्यांच्या फलकांवरील आमचे नाव मतदानापूर्वी काढून घ्यावे.

(इ) हा पाठिंबा अन्य कोणाही उमेदवारास दिलेला नाही. यापुढे मंडळाचा पाठिंबा फक्त जमिनीत गाडलेल्या खांबाला राहील.

आपला नम्र, परंतु अद्याप खात्री न पटलेला,

(स्वाक्षरी)
निमंत्रक, पादचारी व बसप्रवासी मंडळ
दिनांक : चालू महिन्याची ९ तारीख

सोबत : १) टायरच्या घसटीची छायाचित्रे. २) ताईने दिलेल्या गुणांची प्रत, सरबताच्या शेऱ्यासह. ३) टायरमधून निखळलेला सिमेंटचा तुकडा, कागदी पुडीत. मालक आढळल्यास त्यास द्यावा.

ता. क., १८ तारीख : आवक विभागातील सर्व कर्मचारी मतदानाच्या कामावर असल्याने हा अर्ज ९ तारखेस स्वीकारला गेला नाही. आज पुन्हा सादर करीत आहे. दरम्यान मतमोजणी होऊन दातांचे डॉक्टर निवडून आले असल्याने मागणी (आ) निरर्थक झाली आहे. शिकवणीच्या बाई पडल्या. निकालानंतरच्या पहिल्या डायलिसिसला, म्हणजे काल सकाळी, त्या नेहमीप्रमाणे आल्या होत्या. एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि पाच वर्षांनंतरच्या निवडणुकीचा प्रचार त्यांनी आतापासूनच सुरू केला असण्याची शक्यताही मी वगळलेली नाही. ताईने काल त्यांना पूर्ण गुण दिले. चाचणी संपलेली असल्याने हे गुण धरता येणार नाहीत, असे मी तिला सांगितले. तिने विचारले, "बरं. आणि ती यायची थांबली, तर मी कुणाचा हात धरून जायचं? तुझ्या नियमाचा?" सबब मागणी (अ) तातडीची समजावी.