मे महिन्यातली टक्कर

३० एप्रिल
उद्यापासून वसंतातला सराव सुरू. दहा दिवस घाम, मग आपल्याच पोरांचे दोन संघ पाडून सामना. रोझलिन म्हणते, जिंकलात तरी तुम्हीच, हरलात तरी तुम्हीच, मग एवढा जीव का काढता? लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बाईला आमच्या हेल्मेट-धडकांच्या अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.
संकल्प: पोरांवर ओरडायचं नाही. कोक बंद. मागच्या मे महिन्याचा विचार करायचा नाही. शेवटचा सगळ्यांत सोपा, कारण तो विचार मी करतच नाही.
मागच्या मेमध्ये कॉर्बिन स्ट्रिकलंडला जे झालं त्यात कुणाचाच दोष नव्हता, असं शाळेच्या बोर्डाने बैठक घेऊन ठरवलेलं आहे. सगळ्यांनी हात वर केले. मी स्वतः पाहिले. विषय संपला.

१ मे
झकास दिवस. अजून धडका नाहीत, नुसती हेल्मेट घालून पळापळ. सामने ऑगस्टात, मग मेमध्ये मरमर कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. नव्या पोरांपैकी एकाने शिट्टी झाल्यावर स्वतःच्याच गड्याला आडवा केला. ही अक्कल आत्ता आलेली बरी, की भर सामन्यात गावासमोर?
हजेरी घेताना स्ट्रिकलंड असा पुकारा केला. पोरं आपापल्या बुटांकडे बघायला लागली. जुनी यादी हातात आली असणार. नंतर पाहिलं तर यादी नवी होती, त्यात ते नाव कुठेच नव्हतं. म्हणजे चष्म्याचा नंबर वाढला. डॉक्टरकडे जायचं.
कुंपणापलीकडे कॉर्बिनच्या बापाची, लॅमरची, निळी पिकअप उभी होती. काचा काळ्या, इंजिन चालू. सराव संपेपर्यंत हलली नाही. उद्या जाऊन बोलायचं. साधं हाय-हॅलो.

२ मे
ओरडलो नाही. म्हणजे शेवटचा अर्धा तास सोडून. आणि ते ओरडणं नव्हतं, वारा उलटा होता.
पिकअप होती. गेलो नाही. माणूस आपल्या गाडीत बसलाय, त्याच्या शांततेत आपण कशाला नाक खुपसा?

५ मे
रोझलिनने लोणच्याची बरणी उघडली. झाकण टक् करून वाजलं आणि माझ्या हातून ताट पडलं. ती बघतच राहिली. म्हटलं, बीपीच्या गोळ्या बदलल्यात. ती म्हणाली, त्या दोन वर्षांत बदललेल्या नाहीत. बायका फार लक्ष ठेवतात.
पिकअप आहेच. आता मला कळलं तिचं काय ते. लॅमर पाळत ठेवतोय. फोटो काढत असणार, वकिलाला देणार, सराव बंद पाडणार. या गावात पोल्ट्रीचा कारखाना आणि फुटबॉल सोडून आहे काय?
उद्या जाऊन स्पष्ट विचारणार. एक कोक घेतला. एक चालतो.

७ मे
आज मोठ्या टकरी. मागच्या वर्षानंतर बोर्डाने तो प्रकार बंद करायला सांगितलाय: दोन पोरं समोरासमोर, मधे चेंडू, शिट्टी, धडक. मी बोर्डाचा शब्द मोडणारा माणूस नाही. म्हणून नाव बदललं. आता आम्ही त्याला हस्तांदोलन म्हणतो.
डिमेट्रिक पेटला होता. असा पोरगा गावात दहा वर्षांत एखादाच होतो. सामन्याला कॉलेजचा माणूस येणार आहे, खास त्याला बघायला. जमलं तर चार वर्षांचं शिक्षण फुकट. त्याची आई दिवसभर कारखान्याच्या गारठ्यात उभी राहून कोंबड्या कापते. मला म्हणाली, कोच, माझे गुडघे गेलेत, पण याला त्या दारातून आत जाऊ देणार नाही, काहीही करा. हे मेच्या सरावाशिवाय व्हायचं होतं का?
चौथ्या हस्तांदोलनाला टक् असा आवाज झाला. मी आकाशाकडे बघत होतो. डिमेट्रिक उठला आणि चालत समोरच्या संघात जाऊन उभा राहिला. पोरं हसली. मीसुद्धा हसलो असेन.
दुखापती बघणाऱ्या मिस ओडम आल्या, पोरं म्हणतात तसं वादळासारख्या. त्याला विचारलं, आज वार कोणता? तो म्हणाला, शुक्रवार. आज बुधवार आहे, पण सामने शुक्रवारी असतात, पोराच्या मनात शुक्रवारच असणार, त्यात काय एवढं? बाईंनी त्याचं हेल्मेट काढून घेतलं, आपल्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि किल्ली खिशात. ही त्यांची नेहमीची पद्धत. म्हणतात, पोराला बस म्हटलं तर ते बसत नाही, हेल्मेटच नसलं तर जाईल कुठे? निदान दोन आठवडे मैदानात पाऊल नाही.
मी म्हटलं, सामना आठ दिवसांवर आलाय. त्या म्हणाल्या, कोच, मागच्या वर्षी मी सुट्टीवर होते. या वर्षी नाहीये.
याचा काय संबंध?

९ मे
डिमेट्रिक बाकावर बसून सराव बघतो. डोळ्यांवर हात धरून. ऊन कडक आहे. (आज ढग होते.) विचारलं तर म्हणतो, डोकं आता दुखत नाही कोच, मला घ्या. बघा, पोराची स्वतःची इच्छा आहे.
पिकअपकडे जायला निघालो होतो. अर्ध्या मैदानापर्यंत गेलोसुद्धा. मग बुटाची नाडी सुटली. बांधली आणि परत आलो.

१३ मे
प्रश्न सुटला. संघाला पैसा पुरवणाऱ्या गावातल्या मदत-मंडळाचा हॉइट क्रेनशॉ, ट्रॅक्टर विकतो तो, त्याने गुपचूप नवं हेल्मेट आणलंय. म्हणाला, कोच, बाईंना डिकी सांभाळत बसू दे, आपण सामना जिंकू. मी म्हटलं, फक्त पाच मिनिटं खेळवतो. कॉलेजवाल्याने दोन टकरी बघितल्या की बाहेर. पाच मिनिटांत कुणाला काय होतंय?
धडकेनंतर कॉर्बिनलाही मी पाणी पी आणि पाच मिनिटं खेळ एवढंच म्हणालो होतो. पण ते वेगळं होतं. ते मी आत्ता लिहीत बसत नाही.
तीन कोक.

१५ मे
सामना झाला. थोडक्यात लिहितो.
कॉलेजचा माणूस वेळेवर आला, टोपी, वही, उकडलेल्या शेंगांची पिशवी. गाव लोटलं होतं. मी डिमेट्रिकला कपड्यांच्या खोलीत नवं हेल्मेट दिलं. त्याने घातलं, हसला. बाहेर आलो तर लॅमर स्ट्रिकलंड पिकअपमधून उतरून कुंपणाशी उभा, मला हात करतोय. आता पळणार कुठे? गेलो. तोफेच्या तोंडी जायच्या तयारीनेच गेलो.
लॅमर म्हणाला, कोच, एक काम होतं, रागावू नका. मी म्हटलं, बोला. तर म्हणतो, उद्यापासून सराव नाही ना? मग मी याला काय सांगू?
गाडीत कॉर्बिन होता. गॉगल लावून, पट्टा बांधून. रोज तोच होता. त्याला वाटतं मागचाच मे चालू आहे. दुपार झाली की बूट घालून दारात उभा राहतो. नाही आणलं तर भिंतीवर डोकं आपटतो. तुम्ही शेवटची शिट्टी मारली की मग घरी येतो, लॅमर म्हणाला. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकतो.
माणूस वकिलाकडे गेलाच नव्हता. फोटो काढले नव्हते. गयावया करत होता.
कॉर्बिनने काच खाली केली. ओळखलं मला. म्हणाला, डोकं आता दुखत नाही कोच, मला घ्या.
तेच शब्द. तसेच.
मैदानावर आलो. डिमेट्रिक आत शिरत होता. त्याचा दंड धरला आणि म्हटलं, तुझा सराव संपला, हेल्मेट दे. तो आधी हसला, मग रडला, मग त्याने मला शिव्या दिल्या, सगळ्या गावासमोर. मी हेल्मेट मिस ओडमच्या हातात दिलं. त्या ते घेऊन डिकीकडे गेल्या. हॉइट म्हणाला, टिलमन, तुझं डोकं फिरलंय, पुढच्या वर्षी तू कोच कसा राहतोस तेच बघतो. कॉलेजवाला अर्ध्यातून उठून गेला. डिमेट्रिकची आई कुंपणाला धरून उभी होती. तिच्याकडे बघवलं नाही. तिला सांगायला गेलो, अर्ध्या वाटेवरून परत फिरलो.
आम्ही हरलो. जिंकलोही म्हणा.

१६ मे
सराव संपला. आज विश्रांती, असं ठरलं होतं.
रोझलिनला सांगितलं, दूध आणतो. घरात दूध होतं. ती म्हणाली, जा.
मैदान रिकामं. पिकअप आली. मी मधोमध उभा राहिलो, शिट्टी मारली, कुणीच नव्हतं तरी थोडा ओरडलो. पुन्हा शिट्टी मारली. मग कुंपणाशी गेलो आणि म्हटलं, कॉर्बिन, झाला सराव, घरी जा.
तो म्हणाला, हो सर. मग थांबला. लॅमरने गाडी सुरू केली होती. त्याने बापाचा हात धरला आणि मला विचारलं, कोच, बाकीची पोरं का नाही आली? माझ्यामुळे का?
मी म्हटलं, नाही रे बाळा. तुझ्यामुळे नाही.
मग कुणामुळे, त्याने विचारलं.