अकरा पानांची ओळ

मु. नांदेड
पौष शु. ६, शके १८६३

ती. सौ. इंदूअक्कास,
अवधूतचे शि. सा. न. वि. वि.

यंदाही येळवशीच्या सणाला, शेतातल्या जेवणाला लातूरला आलो नाही म्हणून तू पत्रात जे ऐकवलंस, ते मुकाट्यानं ऐकलं. भज्जी आणि आंबिल चुकल्याचं दुःख मलाच आहे. पण आता एक काम निघालंय, म्हणून लगेच लिहायला बसलो.

आमच्या अदालतीतले पेशकार उद्धवराव पुढच्या महिन्यात नोकरी संपवून वजिफ्यावर जात आहेत. मुन्सिफ साहेबांपुढे खटल्यांच्या मिसली मोठ्यानं वाचायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडे होतं. नोकरीच्या क्रमानं ती जागा माझी. पण सरिश्तेदार गुलाम रसूल साहेबांनी परवा मला जवळ बसवून समजावलं की बेटा, तुझं अक्षर अव्वल आहे, तू नकलाच कर. पेशकाराचं काम जिभेचं, आणि तुझी जीभ अडते. रागावून बोलले असते तर सोसलं असतं. ते मायेनं बोलले, म्हणून फार लागलं. सहा वर्षं कोपऱ्यात बसून नकला करून राहिलोय, अक्का. आता बस्स झालं.

इथला दस्तूर असा की कुणी वजिफ्यावर निघालं की निरोपाच्या दिवशी प्रत्येकानं जाजमावर उभं राहून काहीतरी करून दाखवायचं. चपराशालाही सुटका नाही. मी दर खेपेला चहा वाटायच्या निमित्तानं पळ काढतो. यंदा मात्र आपण होऊन नाव दिलं. माझ्या शेजारी बसणारा ताहेर म्हणाला की गाणं म्हण, गाताना तू अडखळत नाहीस. नेमकं म्हणूनच गाणं नको. मला मुन्सिफ साहेबांसमोर बोलायचंय. पत्त्यांचा एखादा खेळ करावा असं मनात घेतलंय. तू आणि तुझ्या सासूबाई दुपारभर पत्ते कुटता, त्याचा भावाला काही उपयोग होऊ दे. एक खेळ निवडून कळव.

रेणुकादास दाजींना सा. न. आहे तसाच लोभ असावा.

तुझा
अवधूत


मु. लातूर
पौष शु. १२

चि. अवधूत यास,
इंदूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्ते कुटतो म्हणे! सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी डोळ्याला पदर लावून हसून घेतलं आणि मग अर्धी दुपार तुझ्यासाठी खेळ निवडण्यात घालवली. दोन खेळ निघाले.

पहिला एकवीस पानांचा. समोरच्यानं एक पान मनात धरायचं, तू तीन ढीग मांडायचे, तो बोटानं ढीग दाखवणार, तो ढीग तू मधे घालायचा. तीनदा असं केलं की त्याचं पान अकरावं येतं. यात अवाक्षर बोलावं लागत नाही. हाच कर.

दुसरा अकरा पानांचा. एकाच रंगाची पानं पालथी मांडायची: राजा, मग एक्का, दुर्री, तिर्री, अशी दश्शीपर्यंत एक ओळ. तू बाहेर जायचं. कुणीतरी ओळीच्या सुरुवातीची हवी तेवढी पानं, दहाच्या आत, एकेक उचलून शेवटाला लावायची. तू आत येऊन ओळीचं पहिलं पान उलटायचं. जितकी हलवली असतील तितक्याचंच पान निघतं. एकही हलवलं नसेल तर राजा. पण यात काय करायचं ते सगळं तोंडानं समजावून सांगावं लागतं, आणि तिथं तू अडलास तर ती मंडळी हसतील. तुला हसलेलं मला सोसत नाही, हे खरं सांगते.

म्हणून एकवीसच. वेळेवर जेवत जा.

तुझी
इंदूअक्का


मु. नांदेड
पौष व. ५

ती. सौ. अक्कास,
अवधूतचे शि. सा. न. वि. वि.

मी अकरा पानांचा घेतला. रागावू नकोस. गप्प बसलेला अवधूत त्यांनी सहा वर्षं पाहिलाय, तोच जाजमावर नेऊन काय दाखवू?

पण तुझा खेळ लंगडा निघाला बघ. काल मधल्या सुट्टीत ताहेरवर करून पाहिला. सांगताना दोनदा अडलो, तरी तडीस नेलं. व्हरांड्यातून आत येऊन पान उलटलं, तर अठ्ठी. त्यानं हलवली होती तीन. पुन्हा मांडला. या खेपेला चार हलवली आणि निघाली सत्ती. ताहेर बिचारा माझ्याकडे न बघता पानं गोळा करायला लागला. मला इतका राग आला की पत्ते खिडकीबाहेर फेकणार होतो.

सासूबाईंना विचार, काही सांगायचं राहिलंय का. खेळ बदलणार नाही. दुरुस्त करीन.

तुझा
अवधूत


मु. लातूर
पौष व. १२

चि. अवधूत यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज संक्रांत. सोबत तिळगूळ पाठवलाय, तेव्हा निदान आज तरी गोड बोल. आमच्या खेळाला लंगडा म्हणतोस होय! तुझं पत्र आल्यापासून घरात वीस वेळा मांडला. मी केला, सासूबाईंनी केला, शेजारच्या शरणम्मानं केला. एकदाही चुकला नाही. तेव्हा खोट खेळात न्हाई, नांदेडात हाय, असं सासूबाईंनी तुला मुद्दाम लिहायला सांगितलंय.

आता जरा शहाण्यासारखं ऐक. तुमच्या अदालतीतल्या एका वकिलांशी ह्यांची ओळख आहे. त्यांच्याकरवी मुन्सिफ साहेबांच्या कानावर शब्द घालता येईल, असं हे म्हणाले. मग त्या जाजमावर उभं राहायची गरजच काय? तुझा होकार आला की हे लगेच लिहितील. काळजीनं सांगते, हट्टानं नव्हे. हट्ट तुझ्याकडेच भरपूर आहे.

तुझी
इंदूअक्का


मु. नांदेड
माघ शु. ५

ती. सौ. अक्कास,
अवधूतचे शि. सा. न. वि. वि.

सासूबाईंना माझा दंडवत सांग. खोट नांदेडातच होती.

ताहेरला माझ्या डोळ्यांदेखत पानं हलवायला लावली. मी सुरुवात म्हटलं की तो उजव्या टोकाला हात घाली! दिवसभर आम्ही उर्दू लिहितो, त्यात ओळ उजवीकडून सुरू होते. मीही तेच लिहितो, पण तुझं मराठी पत्र मांडीवर घेऊन पानं मांडली, तेव्हा माझी सुरुवात आपोआप डावीकडे गेली. दोघांचंही बरोबर, आणि खेळ मात्र बुडाला.

पानं उलट्या बाजूनं मांडून भागलं असतं, असं ताहेर म्हणाला. पण चपराशी आणि वकिलांचे कारकून मराठीच जाणतात. कोण पुढे येईल कुणास ठाऊक. तेव्हा सुरुवात हा शब्दच काढून टाकला. खिडकीकडचं एकेक पान उचलून दाराकडच्या टोकाला लावा, असं सांगणार. वाक्य लांबलं, म्हणजे अडायच्या जागाही वाढल्या. वाढू देत. रोज सकाळी गोदावरीच्या घाटावर जाऊन मोठ्यानं म्हणतो. आंघोळीला येणाऱ्या बायका माझ्यापासून लांबच्या पायरीवर जातात.

दाजींचे उपकार आहेत, पण वकिलांना लिहू नका म्हणावं. त्या शब्दावर खुर्ची मिळेल, पण तिच्यावर बसून मिसल मलाच वाचायची आहे.

तुझा
अवधूत


मु. नांदेड
माघ व. १

ती. सौ. अक्कास,
अवधूतचे शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी कचेरी सुटल्यावर निरोप झाला. तू वाट बघत असशील, म्हणून इकडचं तिकडचं काही न लिहिता तेवढंच सांगतो.

माझी पाळी आली तसा जाजमावर उभा राहिलो. पहिल्याच शब्दाला अडलो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला सगळ्यात नको असतं ते हेच, पण थांबलो आणि शब्द काढला. खिडकी ते दार पुरं सांगितलं. पानं हलवायला उद्धवराव स्वतः पुढे आले. मी आत येऊन पान उलटलं, तर छक्की. त्यांनी पाच हलवली होती.

मी तोंड उघडायच्या आत मंडळींनी वाहवा सुरू केली. पाच काय नि सहा काय, जवळच आलं, असं गुलाम रसूल साहेब म्हणाले. टाळ्याही पडल्या. खाली बसलो असतो तर निभावलं असतं. पण अक्का, ती वाहवा मला चावली. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि म्हटलं की हे चुकलंय, टाळ्या नकोत. उद्धवरावांनी दाराकडून सुरुवात केली असणार, तीस वर्षांचा उर्दूचा हात आहे तो. त्यांनी हसून कबूल केलं. मग का चुकलं ते सगळं समजावून सांगितलं. मध्ये चार-पाचदा तरी अडलो असेन. खेळाचं गुपित फुटलं ते फुटलंच. पुन्हा ओळ मांडली, बाहेर गेलो, आलो, उलटलं. दुर्री. त्यांनी दोनच हलवली होती. या खेपेला टाळ्या नाहीत, नुसताच गलका झाला.

मुन्सिफ साहेब जाताना गुलाम रसूल साहेबांना म्हणाले की चुकलेलं झाकलं जात असताना जो झाकू देत नाही, त्याच्या हातात मिसल द्यायला हरकत नाही. महिनाभर हंगामी बसवून बघा.

शनिवारी बसलो. पहिलीच मिसल मुदखेडकडच्या एका म्हातारीच्या बांधाच्या वादाची. तिचं नाव महानंदा. 'म'वर ओठ मिटले ते उघडेचनात. गुलाम रसूल साहेब माझ्याऐवजी नाव घ्यायला पुढे झुकले. मुन्सिफ साहेबांनी त्यांना हातानं थांबवलं, टाक खाली ठेवला आणि वाट बघत बसले. दोन्ही वकील थांबले. मी घाई केली नाही. नाव निघालं, तिच्या नवऱ्याच्या आणि गावाच्या नावासकट पुरं निघालं.

दाराशी उभी असलेली ती म्हातारी ओ देऊन पुढे आली. अक्का, सहा वर्षांत या अदालतीत माझ्या हाकेला कुणी पहिल्यांदा ओ दिली.

घरच्या सगळ्यांना नमस्कार. माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
अवधूत