स्क्रिप्टच्या वरच्या दोन ओळी

काका,

शुक्रवारी दुपारी तुमची स्क्रिप्ट बंद झाली. म्हणजे तिला मुद्दाम कुणी बंद केलं असं नाही. ज्या मशीनांवर ती चालायची ती मशीनंच काढली, आणि आता यार्डाचं सगळं काम कुठल्या तरी लांबच्या सर्व्हरवर चालतं. तो मी पाहिलेला नाही आणि पाहीन असंही वाटत नाही. मीटिंगमध्ये टाळ्या झाल्या, केक आला, तोही मलाच कापायला लावला. मी दमले आहे, काका. दर महिन्याला पासवर्ड बदला, दर तीन महिन्यांनी तेच फॉर्म भरा, अलिबागहून कंपनीच्या बसने दीड तास जा आणि येताना वडखळला अडकलात तर अडीच तास बसून राहा, असं चोवीस वर्षं केल्यावर माणूस जसा दमतो तशी दमले आहे. पण ते रडगाणं गायला हे लिहीत नाही. तुम्ही गेल्यावर मी त्या स्क्रिप्टवरच्या तुमच्या नावाचं काहीतरी केलं होतं. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं, कारण अर्धवट सांगितलेलं तुम्हाला कधीच चालायचं नाही.

मी तुमच्या हाताखाली लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते, कंत्राटावर, आमच्या गावातून कॉम्प्युटरसमोर बसायला जाणारी पहिलीच मुलगी. न्हावा शेव्याच्या त्या कंटेनर यार्डात आपली सहा मशीनं होती आणि एक दुसऱ्यासारखं नव्हतं. एक लिलावात घेतलेलं, दोन परदेशात वापरून कंटाळा आल्यावर इकडे आलेली, एकाचा कीबोर्ड उन्हाने पिवळा पडलेला. त्यांतलं सहावं दुसऱ्या गेटवर नवीन बसलं आणि त्यावर सहा प्रोग्रॅम टाकायचं काम मला देऊन तुम्ही गोदामात गेलात. बाकीच्या मशीनांवर हे प्रोग्रॅम ज्या डिरेक्टरीत असायचे, म्हणजे फायली ठेवायच्या ज्या खणात, तो खण इथंही असणारच, असं मी धरून चालले. नव्हता. मी म्हटलं, ही फाइल अमुक खणात हलव. खणच नाही म्हटल्यावर मशीनने त्या फाइललाच खणाचं नाव दिलं. दुसरी हलवली, ती पहिलीच्या जागी बसली आणि पहिली गेली. तिसरीने दुसरीला घालवलं. सहा वेळा एक शब्दही न बोलता मशीनने माझं ऐकलं, आणि शेवटी उरली एकच फाइल, पावती छापणारी. कॉपी ठेवायची अक्कल मला नव्हती आणि या मशीनचे प्रोग्रॅम ज्या फ्लॉपीवर होते ती त्याच सकाळी मुंबईच्या ऑफिसला परत गेलेली. गेटबाहेर ट्रेलरची रांग लागली. गेटवरचा सुपरवायझर अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या मराठीत माझा उद्धार करत होता, आणि माझी पाचावर धारण बसली होती.

तुम्ही आलात, स्क्रीनकडे बघितलंत, आणि मी काय काय टाइप केलं ते सहाही वेळा माझ्याकडून ओळीने वदवून घेतलंत. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. सुपरवायझरला सांगितलंत की फ्लॉपी येईपर्यंत गेटपास हाताने लिहा, मी सही करतो. मग माझ्याकडे वळून म्हणालात, "बाय, ठेवायच्या आधी जागा हाय का ते बघावं. न्हाय तर करावी. मग ठेवावं. घरात असंच करतेस ना?" त्या 'घरात'ने माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हा माणूस मला सांगतोय की तुझी जागा चुलीपाशी. बसमध्ये अलिबागपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही आणि तुम्हीही माझी समजूत काढायला आला नाहीत. पुढे रेवदंड्याला तुमच्या घरी जेवायला आले तेव्हा कळलं की तुमच्या घरात ते सगळं तुम्हीच करायचात. काकी पहाटे मासळी घेऊन बाजारात जायच्या, आणि स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात. भात उतरायच्या आधी ताटं मांडलेली, ताटाखाली पाट, वाट्या उजवीकडे. बांगड्याचं कालवण तुम्ही वाढलंत आणि काकी हात धुऊन आयत्या येऊन बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण माफी मागायची राहिलीच.

त्या गोंधळाच्या दुसऱ्याच दिवसापासून तुम्ही बसमध्ये ती स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्रॅम जागेवर बसवायला मशीनला ओळीने द्यायच्या सूचना, लिहायला लागलात, वजनकाट्यावरच्या फुकट गेलेल्या पावत्यांच्या पाठीवर, पेन्सिलीने. बस वडखळच्या खड्ड्यांतून जायला लागली की हात उचलून धरायचात आणि रस्ता बरा लागला की पुन्हा टेकवायचात. मी शेजारी बसून बघते आहे. मला बॅश नावाच्या नव्या शेलमधल्या, म्हणजे मशीनशी बोलायच्या नव्या बोलीतल्या, चार गोष्टी येत होत्या, त्या मी उत्साहाने सुचवते आहे, आणि तुम्ही एकेक खोडता आहात. तुमची अट एकच होती: सहापैकी सगळ्यात म्हाताऱ्या मशीनला जेवढं कळतं तेवढंच बोलायचं. खणाच्या आत खण एका दमात करायला त्या म्हाताऱ्याला येत नव्हतं, म्हणून तुम्ही वरून खाली एकेक पायरी घेतलीत. आहे का बघ, नसेल तर कर, आता त्याच्या आतला बघ. फाइल थेट जुन्या फाइलवर टाकायची नाही. तिच्या शेजारी दुसऱ्याच नावाने पूर्ण उतरवायची, कुणी वाचायचं कुणी चालवायचं ते ठरवायचं, आणि मगच एका फटक्यात नाव बदलायचं, म्हणजे गेटवरच्या कारकुनाला एक तर जुना प्रोग्रॅम पूर्ण मिळेल किंवा नवा पूर्ण मिळेल, अर्धा कधी मिळणार नाही. कुठं अडलं तर थांबायचं आणि थांबलो म्हणून सांगायचं. नऊ दिवसांत ती पुरी झाली. मी फक्त टाइप केली.

टाइप करताना दोन गोष्टींवर आपलं वाजलं. एक म्हणजे अधल्यामधल्या टिपा. त्या तुम्ही रोमन अक्षरांत पण मराठीत सांगितल्यात, आणि तशाच घाल म्हणालात. नाव बदलायच्या ओळीच्या वर होतं, 'इथं घाई नको, बाय'. मी म्हटलं हे ऑफिसचं काम आहे, यात मला कशाला आणता. तुम्ही म्हणालात, वाचणार तूच आहेस. दुसरी गोष्ट वरच्या दोन ओळींची. मशीनसाठी लागते ती ओळ सोडली तर पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव, आणि तिच्या खालच्या ओळीत, अडलं तर कुणाला विचारायचं त्याचं नाव आणि फोन. दोन्हीकडे तुम्हीच. मी म्हटलं, एकच नाव दोनदा कशाला, एक ओळ काढते. "राहू दे," म्हणालात, "लिहिणारा आणि उत्तर देणारा कायम एकच राहील असं न्हाय."

पाच वर्षांनी तुम्ही गेलात. आधी साखर, मग किडन्या, मग आठवड्यातून दोनदा दवाखाना. तिथंही मला विचारायचात की गोदामाच्या मशीनवर नवीन प्रोग्रॅम नीट बसला का. मी हो म्हटलं की डोळे मिटायचात.

आता ते सांगते. तीन महिन्यांनी मुंबईहून साहेब आले. आम्हा कंत्राटी लोकांतून एकालाच कायम करायचं होतं. त्यांनी विचारलं, सगळ्या मशीनांवर प्रोग्रॅम बसवायचं कोण बघतं. मी म्हटलं, मी. ते खरंच होतं. ते म्हणाले, या फाइलवर अजून वारलेल्या माणसाचं नाव आणि नंबर आहे, अडलं तर फोन कुणाला करायचा? तेही खरंच होतं. मला फक्त दुसरी ओळ बदलायची होती, आणि ती तर तुम्ही याचसाठी वेगळी ठेवली होती. मी दुसरी ओळ बदलली. मग कर्सर एक ओळ वर नेला. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं, साहेब तर तोवर चहा प्यायला गेले होते. पंधरा दिवसांत मला कायम केल्याचं पत्र आलं, आणि त्यात 'सर्व मशीनांवर चालणारी स्क्रिप्ट स्वतः तयार केल्याबद्दल' असे शब्द होते. घरात कायम नोकरीचं माणूस मी एकटीच होणार होते, आईने ते पत्र देव्हाऱ्यात ठेवावं तसं कपाटात ठेवलं. मी स्वतःची समजूत घालायचे की पुढे नवीन मशीनं आली तेव्हा मीही चार ओळी घातल्याच ना. चारच घातल्या होत्या, आणि त्या कुठल्या ते मला आजही दाखवता येईल.

त्यानंतर मी तुमच्या टेबलातलं सामान द्यायला रेवदंड्याला गेले. चष्मा, स्टीलची बाटली, एक स्वेटर. काकी अंगणात चटईवर जवळा सुकायला पसरत होत्या. हात न थांबवता त्यांनी मला बसायला सांगितलं, आणि मग म्हणाल्या, "इतकी वर्षं तिथं केलं काय गं त्यांनी? मी विचारलं की म्हणायचे, फायली जागेवर ठेवतो. हे काय काम हाय?" माझ्या पिशवीत स्क्रिप्टचा प्रिंट होता, काका. त्यांना दाखवायलाच नेला होता, ओळीओळीने सांगायचं असं ठरवून. आणि तेव्हा आठवलं की तो कर्सर वर नेल्यानंतरचा प्रिंट आहे. वरच्या दोन्ही ओळींत मी होते. मी म्हटलं, मोठं काम होतं काकी, सांगेन कधीतरी. चहा प्यायले आणि निघाले. लाज वाटली म्हणजे काय झालं, तर इतकंच झालं की मी पुन्हा तिकडे गेले नाही.

वर्षं गेली. कुणी विचारलं नाही आणि मी मूग गिळून बसले. मग या वर्षी सगळं हलवायला नवी माणसं आली, त्यांत खारघरचा एक इंजिनीअर, गुणी मुलगा, जुनं फेकायच्या आधी वाचून बघणारा. तो दोन दिवस तुमची स्क्रिप्ट वाचत बसला होता. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, एक नंबर आहे हे. कुठल्या पण मशीनवर टाका, चालतंय. तुम्ही लिहिलंत?" इतकी वर्षं ते खोटं कागद बोलत होता. त्या दिवशी मी तोंडाने म्हटलं, हो. तो खूश झाला. मग स्क्रीनवर बोट ठेवून हसत म्हणाला, "पण यात हे 'घाई नको, बाय' असं लिहिलंय. ही बाय कोण?"

मी म्हटलं, "मीच. स्वतःलाच सांगते मी असं."

त्याला ते पटलं. संध्याकाळी त्याने सगळ्यांना मेल पाठवला, माझं कौतुक करणारा, आणि त्यातूनच तो केक उगवला. केकवर आयसिंगने माझं नाव होतं. मी सुरी हातात धरून उभी, सगळे मोबाइल धरून उभे, आणि मला वाटत होतं की कुणीतरी एकाने उठून म्हणावं, ही खोटं बोलते. पण तुम्हाला ओळखणारं त्या खोलीत कुणीच उरलेलं नव्हतं, माझ्याशिवाय.

शुक्रवारी मशीनं बंद करायच्या आधी मी स्क्रिप्टची एक कॉपी घरी आणली. काल ती उघडली आणि पहिल्या ओळीत तुमचं नाव परत घातलं. एक मिनिटही लागलं नाही. बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही, कारण मला ठाऊक आहे की मी ते केव्हा घातलं. ती चालू होती तेव्हा सगळ्या मशीनांवर ते नाव दिसलं असतं, कुणीतरी विचारलं असतं, आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं. आता ती कुठंच चालत नाही. घरातल्या लॅपटॉपवर खरं लिहायला काय लागतं.

प्रिंट काढून ठेवला आहे, तुमचं नाव हाताने मराठीतही लिहिलं आहे. हे पत्रही त्याच फाइलीत राहील, कारण पाठवायचं कुठं. आणि एक कबूल करते. तुम्हाला लिहायला बसले ते तुम्ही काही विचारणार नाही म्हणून. विचारणारं माणूस आहे अजून. काकी थकल्या आहेत, पण आहेत, कान शाबूत आहेत असं कळलं. अलिबागहून रेवदंड्याला रिक्षाने पाऊण तास लागतो. हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले.