तुमचा आवाज एकाही कॅसेटवर नाही

अण्णा,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोला प्लास्टिकचा हार घातलाय आणि तोही धुवायचं कुणी मनावर घेत नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, कारण तुमचीही रीत तीच होती. आलेल्या माणसाला दारातच एक टोमणा मारायचा आणि मग पाणी विचारायचं. तर बातमी अशी की गेल्या रविवारी तुम्ही निगडीच्या एका हॉलमध्ये भाषण केलंत. मेलेला माणूस बोलला कसा, हे तुम्ही विचारलं नसतंत. गर्दी किती होती, हे विचारलं असतंत. गर्दी चांगली होती. आईची पंच्याहत्तरी होती, प्राधिकरणातले शेजारी होते, मावळातून तिच्या माहेरची माणसं आली होती आणि तुमच्या कंपनीतले उरलेसुरले मित्र काठ्या टेकत पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्याही पडल्या. त्या तुम्हाला मिळाल्या नाहीत. कुणाला मिळाल्या, ते सांगायला बसले आहे.

तुम्ही वेळेवर गेलात, असं मला अधूनमधून वाटतं. तुमचा धंदा बसलाच असता. तुमच्या काळी नकलाकार म्हटलं की हॉल भरायचा. खर्जातला खलनायक, रडका नायक, सभेत मध्येच थांबून टाळीची वाट बघणारा पुढारी, सगळे तुमच्या गळ्यात मुक्कामाला होते. आता पोरं मोबाईलसमोर नुसते ओठ हलवतात, आवाज मागून दुसऱ्याचाच येतो आणि बघणारे लाखांनी बघतात. नट मुलाखतीत स्वतःचे जुने डायलॉग म्हणून दाखवतात. पुढारी तर स्वतःचीच नक्कल करत फिरतात आणि ती तुमच्यापेक्षा बरी करतात. मोठ्या कंपन्यांचे मालक काळा टी-शर्ट घालून स्टेजवर येरझाऱ्या घालतात, आमच्या चाकणच्या कंपनीचे साहेबही परवा तसेच आले. पोट तेवढं टी-शर्टात मावलं नाही. हे बघून तुमची आठवण आली. प्रेमाने नाही, पण आली.

तुमच्या धाकट्याने बोलणाऱ्या यंत्राचा धंदा काढलाय. म्हणजे सॉफ्टवेअर. चाकणच्या कारखान्यांना तो ते विकतो. कामगाराला फोन जातो, ‘उद्या आपली पहिली शिफ्ट आहे, बस नेहमीच्या चौकात येईल.’ माणूस वाटावा असा आवाज, पण पलीकडे कुणी नसतं. एखाद्याचं बोलणं थोडा वेळ ऐकवलं की ते यंत्र त्या आवाजात हवं ते बोलून दाखवतं. आईच्या पंच्याहत्तरीला तुमच्या आवाजात शुभेच्छा द्यायच्या, ही कल्पना त्याचीच. त्याला तुम्ही गमतीचे वडील म्हणूनच आठवता. खांद्यावर बसवून गाढवाचा आवाज काढणारे. माझ्या वाट्याला दुसरे आले होते.

घरात तुम्ही स्वतःच्या आवाजात रागावल्याचं मला एकदाही आठवत नाही. आमटीत मीठ जास्त पडलं की खलनायक बोलायचा. माझा सहामाहीचा निकाल तुम्ही कॉलनीच्या गॅलरीत उभं राहून पुढाऱ्याच्या आवाजात जाहीर केला होता, ‘बंधू आणि भगिनींनो, गणितात आपल्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त झालेलं आहे!’ समोरच्या तिन्ही मजल्यांवर माणसं हसत होती. रडले तर तुम्ही म्हणायचात, ‘अगं, विनोद कळत नाही का तुला?’ रागवायचं कुणावर, खलनायकावर? त्याच्या आडून तुम्ही पसार. एक दिवस माझीही नक्कल होईल, या धास्तीने मी घरात सपाट आवाजात बोलायला शिकले. ना चढ, ना उतार. आता कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तोच आवाज माझा गुण समजला जातो. नवीन लागलेल्या एका मुलीने परवा विचारलं, ‘मॅडम, तुम्ही खऱ्या बोलताय ना?’

आणि ती खंडेनवमी. त्या दिवशी कंपनीत मशीनची पूजा असायची आणि वर्षातून तेवढ्या एकदाच घरच्यांना शेडमध्ये सोडायचे. लेथला झेंडूची माळ, प्रेसला हळदकुंकू, आणि संध्याकाळी तिथेच कार्यक्रम. मी आईशेजारी बसले आहे. धाकटा अजून जन्मलेला नाही. आईने नवी मोरपंखी साडी नेसली आहे, नवऱ्याचा कार्यक्रम म्हणून. तुम्ही खलनायक करता, पुढारी करता, शेड डोक्यावर घेता आणि मग खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर ओढता. नाकातून, हेल काढत, स्टेजभर लुटुलुटु पळत सुटता. ‘अवं! थांबा की वो! डबा ऱ्हायला! आमटी सांडंल माजी!’

त्याच महिन्यात तुम्ही डबा विसरून कंपनीच्या बसमध्ये बसला होतात आणि आई तो घेऊन बसमागे धावली होती. एवढंच घडलं होतं. त्याची तुम्ही नक्कल केलीत. कामगार खुर्च्या बडवत होते. आई हसत होती, तोंडाला पदर लावून. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं, पदराच्या वर तिचे डोळे हसत नव्हते. पुढे कितीतरी दिवस कॉलनीत ती दिसली की कुणीतरी ओरडायचं, ‘वहिनी, डबा ऱ्हायला!’ तिने बस थांब्याकडे जाणं सोडलं. मग हळूहळू ‘व्हय’चं ‘हो’ केलं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं, आणि त्याहून हळू बोलणंच कमी केलं. चारचौघांत ती नंतर कधी तोंड उघडून बोलली नाही. तुम्हाला वाटलं, बायको सुधारली.

म्हणून धाकट्याला मी बजावलं, ‘आईचं पुन्हा हसं झालं ना, तर बघ.’ तो म्हणाला, ‘ताई, तू ना कायम त्यांच्यावर खार खाऊन असतेस. अगं, चांगले चार शब्द बोलायला लावतोय त्यांना. जिवंतपणी तरी कधी बोलले होते का?’ मलाही ते चार शब्द ऐकायचे होते बहुतेक.

तुमच्या कॅसेटची पेटी माळ्यावर होती. पिंपरी कॅम्पात एकाकडून जुना टेपरेकॉर्डर मिळवला आणि आम्ही दोघं ऐकत बसलो. तेव्हा लक्षात आलं की तुमचा आवाज एकाही कॅसेटवर नाही. रेकॉर्डर सुरू झाला की तुम्ही दुसरेच कुणीतरी व्हायचात. माझ्या बारशाच्या कॅसेटवरसुद्धा बाळाचं नाव पुढारी सांगतो. धाकट्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, ‘सगळंच टाकतो आत. सगळ्यांचा गळा तर एकच आहे ना? त्यातून अण्णा निघतील.’ कारखान्याला यंत्र विकणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं की आत घालाल तेच बाहेर येतं. चाचणीला त्याने ‘नमस्कार, सर्वांचं स्वागत’ एवढं बोलवून घेतलं, ते जरा पुढाऱ्याच्या वळणाने आलं. ‘बघ, थोडेसे अण्णाच,’ म्हणाला. मग कार्यक्रम सुरू होईपर्यंत भाषणाचे शब्द बदलत बसला. पूर्ण भाषण कुणीच ऐकलं नाही.

हॉलमध्ये आई खुर्चीवर, अंगावर शाल, समोर पंच्याहत्तर दिव्यांचं ताट. पडद्यावर तुमचा फोटो आला. तुम्ही बोलू लागलात. ‘नमस्कार मंडळी. माझ्या गैरहजेरीत तुम्ही एवढे जण जमलात...’ पुढाऱ्याचा आवाज. पहिली रांग खूश. तुमचा मेंटेनन्समधला जिगरी दोस्त डोळे पुसायला लागला. आईसुद्धा खुर्चीत जरा पुढे सरकली. मग मजकूर घरात शिरला. ‘हिने आयुष्यभर पहाटे उठून माझा डबा केला...’ आणि ‘डबा’ या शब्दाशी तुमचा आवाज फिरला. बारीक झाला, नाकात गेला, हेल काढायला लागला. ‘हिच्या हातची आमटीईऽ...’

याचं कारण धाकट्याने मागाहून शोधलं, ते अगदी साधं होतं. डबा, आमटी, घर, हे शब्द तुमच्या कॅसेटांवर फक्त त्या एका नकलेत होते. यंत्र तेवढंच शिकलं होतं की हे शब्द आले की असं बोलायचं. म्हणतात ना, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तुमची मेल्यावरही गेली नाही. चांगले शब्द आयते लिहून दिले होते, नुसते बोलायचे होते, तेही तुम्ही बायकोला वेडावतच बोललात.

‘आयला, ह्या तर वहिनी!’ तुमचा दोस्त ओरडला. ‘डबा ऱ्हायला!’ आणि पहिली रांग हसली. अगदी त्या शेडमधल्यासारखी, फक्त आता हसता हसता खोकला येत होता. धाकटा लॅपटॉपची बटणं बडवत होता, तुम्ही थांबायला तयार नव्हता. मी उठले, वायर उपटावी म्हणून. आईने माझा हात धरला. मला वाटलं, ती आता पदर तोंडाला लावेल. तिने तुमचं भाषण पूर्ण ऐकलं. मान किंचित कलती करून, भाजीवाल्याने काटा बरोबर धरलाय का बघावं तसं. मग म्हणाली, ‘माईक दे.’

अण्णा, तिने चारचौघांत तोंड उघडलं. आणि त्या ‘हो’ आणि ‘नाही’मध्ये नाही, तिच्या स्वतःच्या बोलीत.

‘ह्यांनी समद्यांच्या नकला केल्या. समद्या जमल्या. माजी तेवडी न्हाई जमली.’ हॉल हसायच्या बेतात होता, पण ती हसत नव्हती. ‘मी बसमागं पळले तवा दम लागला व्हता मला. ह्यो पोटात व्हता.’ तिने माईकनेच धाकट्याकडे खूण केली. ‘तीन महिन्याचा. तरी पळले, म्हनलं मानूस उपाशी ऱ्हाईल. आता सांगा, ह्यात दम कुटं हाय? पळनाऱ्या बाईचा दम न्हाई आला, मग कसली वो नक्कल? इतकी वरसं पुढ्यात व्हते मी. नीट बगितलंच न्हाई ह्यांनी.’ मग जरा थांबली. टाळीसाठी नव्हे, चष्मा सावरायला. ‘बंद कर रं ते आता. चला, पानं वाढल्यात.’

टाळ्या वाजवायला सुरुवात तुमच्या त्या दोस्तानेच केली. धाकटा लॅपटॉपच्या आड तोंड लपवून बसला होता. मी तुमच्या फोटोकडे बघितलं आणि मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? पोट भरल्यासारखं वाटलं. नकलाकाराला नक्कल जमली नाही, हे भरल्या हॉलमध्ये, त्याच्याच माणसांसमोर सांगायचं! तुम्ही कधी इतकं लागेल असं बोलला नव्हतात. आई त्या दिवशी दोनदा बासुंदी जेवली.

धाकटा आता म्हणतो, हे पत्र त्या यंत्रात घातलं तर तुम्ही उत्तर द्याल. मी घालणार नाही. उत्तर खलनायकाच्या आवाजात येईल, पुढाऱ्याच्या येईल, फार तर आईच्या येईल, तेही चुकीचं. आणि एक गोष्ट राहिली. कॅसेटा ऐकताना धाकट्याला मी सांगितलं होतं की तुमचा खरा आवाज सापडतोय का ते बघतेय. मी ते बघत नव्हते. माझी नक्कल कुठे आहे का, ते शोधत होते. शेवटची कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकली. नाहीये. तुम्ही ती कधी केलीच नाहीत, आणि मला वाईट वाटलं.