उभ्यानं आणि आडव्यानं

बजाजनगर, १२ जानेवारी २००४

ती. आईस,
विशाखाचा सविनय जयभीम.

मी, मामा, मामी खुशाल आहोत. नळाला सहाव्या दिवशी पाणी येतं, त्यामुळं घरात माणसांपेक्षा बादल्या जास्त झाल्यात.

काल जिल्ह्याच्या ज्युदो स्पर्धेत मी पहिल्याच लढतीत हरले. रडले नाही, तू विचारशील म्हणून आधीच सांगते. समोरची मुलगी खाली यायलाच तयार नव्हती. मी तिला ओढायची, ती सुटून उभी राहायची. नुसतं ओढून खाली नेणं चालत नाही म्हणून पंचांनी मला दोनदा ताकीद दिली. मग तिनं मला कंबरेवरून असं फेकलं की हॉलचे पंखे मोजून झाले.

आई, आमच्या क्लबात कुणालाच फेकता येत नाही. मामा फक्त जमिनीवरचं शिकवतो. दाबून धरणं, सुटणं, पालथ्या माणसाला उलटवणं. त्यात आमचा हात कुणी धरणार नाही. पण लढत तर उभ्यानंच सुरू होते ना? विचारलं की मामा म्हणतो, पुढच्या वर्षी. चार वर्षं येणाऱ्या पोरांनाही हेच सांगतो. मामी म्हणाली, तू आणि मामा हर्सूलला एकत्र ज्युदो खेळायचात. तू कधी बोलली नाहीस!

बाबांना जयभीम. बारकीला माझ्या वहीला हात लावू देऊ नकोस.
तुझी, विशाखा

वैजापूर, २० जानेवारी २००४

चि. अभयास,
ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आम्ही बरे आहोत. टँकर आला की आमची अंगणवाडी निम्मी रिकामी होते, पोरं हंडे घेऊन आयांच्या मागं पळतात. शेतात काय नाय, ते विचारू नको.

तुझ्या भाचीचं पत्र आलं. हरली म्हणून वाईट नाय वाटलं. वाईट ह्याचं वाटलं की सर्जेराव सरांच्या चेल्याला फेक शिकवता येत नाय असं आता जिल्हा म्हणेल. आठवतं का रे, लाकडाच्या वखारीतून सायकलवर भुशाची पोती आणायचो? तू हँडल धरायचास, मी मागून ढकलायची. खड्ड्यात भुसा, त्यावर ताडपत्री, झाला आपला क्लब. सत्याऐंशीत हर्सूलचा तलाव असाच मागं सरकला होता, आणि सरावानंतर आपण भेगाळलेल्या गाळात चालत जाऊन पाय बुडतील एवढं पाणी शोधायचो. सर म्हणायचे, कुस्ती उभ्यानं मागायची आणि आडव्यानं मिटवायची, नुसती मागून वा नुसती मिटवून भागत नाय. तुझ्यासारखी कंबरेची फेक अख्ख्या हर्सुलात कुणाची नव्हती. मी उलटी, जमिनीवर गोचीड. तू माझाच धंदा कधीपासून घेतलास?

पोरीला फेक शिकव. तिच्या आईचा हुकूम आहे. विजूला, तुझ्या कारभारणीला, आशीर्वाद.
माया आहे, ती आटू देऊ नको.
ताई

बजाजनगर, २९ जानेवारी २००४

ती. ताईस,
अभयचा जयभीम.

तुझं पत्र कंपनीच्या बसमध्ये वाचलं आणि पुढच्या थांब्यावर उतरायचं विसरलो. खड्डा आता सापडत नाही. मागच्या महिन्यात गेलो होतो. तिथं प्लॉट पडलेत, पांढऱ्या फक्कीच्या रेघा, आणि एका घराचं जोतं वर आलंय. आपली ताडपत्री कुठं होती ते मला ठरवताच आलं नाही.

हुकूम मोडतो म्हणून रागावू नको. मी प्रयत्न केला आहे. दोनदा एका पोराला कंबरेवर घेतलं आणि तसंच हळूच खाली ठेवलं, मूल पाळण्यात ठेवावं तसं. पोरं हसली. ताई, मला तो आवाज ऐकू येतो. चौदा एप्रिलचा, वस्तीतल्या जयंतीच्या मांडवातला. सरांनी बजावलं होतं, खाली नुसती सतरंजी आहे, प्रात्यक्षिकात जमिनीवरचेच डाव दाखवा. माणसं उठून जायला लागली म्हणून मी तुला फेकलं. टाळ्या पाहिजे होत्या मला. तुझं खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं, राज्याचं शिबिर गेलं, दोन वर्षांत तुझं लग्न झालं. बाबा जाईपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत, ते बरोबरच होतं.

जमिनीवर कुणाचं काही मोडत नाही. तेवढंच मी शिकवू शकतो.
तुझा, अभय

वैजापूर, ८ फेब्रुवारी २००४

चि. अभयास,
जयभीम.

हे फोनवर बोलता यायचं नाय. पीसीओत मागं माणसं उभी असतात, आणि तुझा आवाज ऐकून माझी जीभ पलटली असती.

तू फेक नीट घातली होतीस. माझी कॉलर सोडली नव्हतीस, वर ओढून धरली होतीस, सरांनी शिकवली तशी. मी हात सोडून जमिनीवर थाप मारली असती तर उठून उभी राहिले असते, सतरंजी असो नाहीतर फरशी. मी हात ताठ टेकवला, सगळा भार त्यावर आला. अख्खी वस्ती बघत होती आणि धाकट्या भावाच्या हातून पाठ टेकायची नव्हती मला. पडताना एवढं कळलं होतं की हे चुकतंय, तरी टेकवला.

दवाखान्यात बाबांनी तुझ्या मुस्कटात मारली. मी बघितलं. सांगणार होते. मग आधी हाड जुळू दे म्हटलं, मग बाबांचा राग उतरू दे म्हटलं, मग लग्न झालं. शिबिर गेलं त्याचं खापर फुटायला कुणीतरी पाहिजे होतं, ते तू होतास. मला सोयीचं पडलं. बाबांच्या शेवटच्या दिवसांत तर मी उशाशीच होते रे. तरी नाय बोलले.

माफ कर असं लिहायची हिंमत नाय. पण पोरांना त्याच्यासाठी अडवू नको, जे तू केलंच नव्हतंस.
ताई

बजाजनगर, ७ मार्च २००४

ती. आईस,
विशाखाचा जयभीम.

तू मामाला काय लिहिलंस? पत्र आलं त्या दिवसापासून तो आठ दिवस क्लबातच आला नाही. मामीला म्हणाला, शिफ्ट बदलली. नव्हती बदलली. तुला उत्तर लिहायला बसायचा आणि कागद चुरगाळायचा. एकदा मी विचारलं, आईवर रागावलास का, तर व्हय म्हणाला, आणि जेवायला वाढ म्हणाला.

नवव्या दिवशी आला आणि गाद्यांवर गाद्या टाकून दोन थर केले. तेव्हापासून आम्ही नुसते पडतोय. बसून, उभ्यानं, चालता चालता. हात टेकवला की मामा अख्ख्या क्लबाला थांबवतो आणि परत पहिल्यापासून. माझे तळवे थापा मारून लाल झालेत. फेक अजून नाही. पण आज त्यानं कंबर कुठं लावायची ते दाखवलं.
तुझी, विशाखा

बजाजनगर, १७ मे २००४

ती. ताईस,
अभयचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तीन महिने लिहिलं नाही. रागावलो होतो. बाबांसाठी लई रागावलो. शेवटी त्यांना पाणी पाजलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नव्हतं, ते तुला माहीत आहे. तो राग पूर्ण गेला असं लिहिलं तर खोटं होईल, आणि आता आपल्यात खोटं नको.

काल उन्हाळी स्पर्धा झाली. तुझी पोरगी तीन लढती खेळली. पहिली जिंकली, तिसरी हरली. दुसरी सांगतो. समोर जानेवारीतलीच मुलगी. ह्या वेळी विशाखानं ओढलं नाही. कॉलर धरून उभी राहिली, दोन पावलं तिला फिरवलं आणि कंबरेवर घेतलं. मी डोळे मिटले, ताई. आवाज आला. उघडले तर त्या मुलीनं थाप नीट मारलेली, आणि फेक अर्धीच धरली पंचांनी. विशाखा थांबली नाही. तिच्याबरोबरच खाली गेली आणि छातीवर अशी बसली की मला तूच दिसलीस. वीस सेकंद, आणि लढत तिची. मी मोठ्यानं मोजत होतो, विजू म्हणते.

एक विचारायचंय. त्या दिवशी दवाखान्यात तुला मीच सायकलवर घेऊन गेलो होतो. मोडल्या बाजूचा हात पोटाशी आणि दुसऱ्या हातानं तू माझा सदरा धरला होतास, जुबिली पार्कच्या चढापर्यंत, एक शब्द न बोलता. मी समजलो, रागानं धरलाय. सतरा वर्षं तसंच समजलो.

बुद्धपौर्णिमा होऊन गेली, तरी सुट्टी आहेच तुला. ये. आल्यावर सांग, काय होतं ते.
तुझाच, अभय