एका शब्दावर दोन सह्या

आदरणीय दादा,

आपल्या चरणी साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, तरी पूर्ण समजून घ्यावा). आपला खोकला कसा आहे? लेकीकडची हवा मानवते ना? आणखी महिनाभर तिकडेच राहिलात तर छातीला फार चांगलं, असं माझं प्रामाणिक मत आहे. परतायची घाई करू नये. इकडे सगळं ठीक आहे. जे ठीक नाही ते ओघाने येईलच.

तुमची बहीण आणि मी दोघंही रशियन-इंग्रजी कोर्टकागदांवर पोट भरतो, हे आपण जाणताच. एका प्रकरणात समोरासमोर उभं राहायचं नाही, एवढं पथ्य लग्नापासून पाळलं होतं. ते या महिन्यात मोडलं. झालं असं की, एका यार्डात क्रेनवाला एका रशियन कारखान्याचं नवंकोरं यंत्र उतरवत होता. वारा वाढल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला. भोंगा वाजला की ओझं आहे तिथे खाली घ्यायचं, असा नियम. पण यंत्र ठेवायचा चौथरा अगदी समोर दिसत होता. एवढं ठेवतो आणि थांबतो, असं त्याला वाटलं. वाऱ्याला तसं वाटलं नाही. यंत्र पडलं ते पहारेकऱ्याच्या संडासावर. पहारेकरी सुदैवाने बाहेर होता (तेव्हापासून तो देवाला मानतो).

चौकशी करणाऱ्या रशियन निरीक्षकाने अहवालात लिहिलं, ‘लेग्कोमिस्लिये’. त्यांच्या कायद्यात दोषाला पायऱ्या आहेत. सगळ्यात वर मुद्दाम केलेलं, सगळ्यात खाली लक्षातच न आलेलं आणि मध्ये हे : धोका दिसत होता, पण काही आधार नसताना वाटलं की निभावून जाईल. इंग्रजी कायद्यालाही जिना आहे, पण त्याच्या पायऱ्यांची उंची वेगळी. सवयीने पाय टाकला की माणूस तोंडावर आपटतो. शब्दकोशात पाहावं तर तिथे चक्क थिल्लरपणा! म्हणजे क्रेनवाल्याने ते यंत्र गंमत म्हणून लटकवलं होतं की काय!

भांडण इंग्रजीत चालणाऱ्या लवादाच्या पंचांपुढे गेलं. कारखान्याने मला नेमलं, यार्डाने तुमच्या बहिणीला. मी भाषांतर केलं, ‘जाणूनबुजून केलेली बेपर्वाई’. तिने केलं, ‘निष्काळजीपणा’. माझं टिकलं तर क्रेनवाल्याचं लायसन जाणार आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना पेन्शनही जाणार. तिचं टिकलं तर ताकीद देऊन सोडणार. पंचांना रशियनचं अक्षर येत नाही, त्यामुळे तो माणूस आमच्या दोघांच्या मध्ये, त्याच्याच क्रेनला टांगल्यासारखा.

प्रकरणाबद्दल घरात चकार शब्द काढायचा नाही, अशी आम्ही दोघांनी शपथ घेतलेली. त्यामुळे जेवताना फक्त मिठाबद्दल बोलायचो. नेमकं त्याच आठवड्यात मी बाथरूमच्या टबात नळ सोडून खाली पेपर आणायला गेलो आणि गेटवर एका गृहस्थांनी मला राजकारणाच्या गप्पांत ओढलं. (पाणी कुठवर गेलं ते सांगतो, जरा दम धरा.) त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ मी तिला ओरडून सांगत होतो की, मी काय मुद्दाम केलं का? टब भरणार हे माहीत होतं, पण तोवर परत येईन असं वाटलं होतं! ती नुसती ऐकून घेत होती. मला वाटलं, पटलं.

सुनावणीच्या दिवशी मुख्य पंच वैतागले. दोन्ही दुभाष्यांनी शेजारच्या खोलीत जावं, एक मजकूर ठरवावा, त्यावर दोघांनी सह्या कराव्यात. नाही जमलं तर आधी दाखल झालेलं भाषांतर ग्राह्य, असं म्हणाले. आधी दाखल झालेलं माझं होतं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी जिंकलो असतो. आमचा वकील माझ्याकडे बघून हसला. बाहेर बाकावर क्रेनवाला हेल्मेट मांडीवर घेऊन त्याचा पट्टा लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता. दाराच्या काचेतून तो सारखा दिसत होता. मी खुर्ची फिरवून बसलो, तर समोर तुमची बहीण.

मी म्हणालो, त्याला भोंगा ऐकू आला होता, म्हणजे जाणूनबुजून. तिने शांतपणे विचारलं, “आणि टब भरतो हे तुम्हाला माहीत नव्हतं वाटतं?” दादा, आठवडाभर मी घसा फोडून जे सांगत होतो, ते शब्दाशब्दाने त्या क्रेनवाल्याचं म्हणणं होतं. तो मुद्दाम करणारा असेल तर मीही होतो. उलट तिच्या निष्काळजीपणातही खोट होती, कारण त्यात धोका दिसलेलाच नसतो. ते मी दाखवलं आणि तिने निमूट मान्य केलं (तारीख लिहून ठेवली आहे). शेवटी एका शब्दाचा नाद सोडून आम्ही अख्खी ओळ लिहिली : धोका दिसत असताना, तो टळेल अशा निराधार भरवशावर केलेलं कृत्य. माझी सही करताना पेन दोनदा अडलं. आमच्या वकिलाने त्यानंतर मला ओळख दाखवलेली नाही.

पंचांनी क्रेनवाल्याचं लायसन चार महिने थांबवलं, पेन्शन शाबूत ठेवली. बाहेर त्याने आम्हाला गाठून विचारलं, “म्हणजे मी नक्की कोण ठरलो?” तुमची बहीण म्हणाली, उतावळा माणूस. तो म्हणाला, “हे तर बायको रोज फुकटात सांगते!” आणि हेल्मेट डोक्यावर चढवून तरातरा निघून गेला.

असो. लेकीला, जावयांना नमस्कार, नातवाला पापा.

आपला आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. : ते पाणी खाली गेलं. खाली आपलंच घर आहे. छताला नकाशासारखा डाग पडला आहे आणि आपल्या बाजाच्या पेटीचा आवाज जरा घोगरा झाला आहे. आपणही निवाडा करताना पंचांनी मान्य केलेली वरची ओळच वापरावी, एवढीच विनंती. तीवर आपल्या सख्ख्या बहिणीची सही आहे.

ता. क. २ (हे अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, दादा) : पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. सगळं खरं आहे. फक्त, क्रेनवाल्याची ती पहिलीच वेळ होती. यांची तिसरी. आधीच्या दोन वेळा तू इथे नव्हतास आणि तुला कळायच्या आत रंगारी बोलावला होता. तिसऱ्या वेळेला आमची ती ओळ चालत नाही. जो शब्द चालतो, तो रविवारी फोनवर सांगते.